आउगुस्टे डी.ची फाइल : फ्रँकफर्ट, 1901

रेल्वेच्या कचेरीत कारकून असलेला एक गृहस्थ 25 नोव्हेंबर 1901 रोजी आपल्या बायकोला फ्रँकफर्टच्या सरकारी मनोरुग्णालयात घेऊन आला. बायको 51 वर्षांची. लग्नाला 28 वर्षं झालेली, एक मुलगी. आजवर तब्येतीची मोठी तक्रार नाही, बाई कामसू, घर टापटिपीचं. त्या वर्षीच्या मार्चपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग एक दिवस तिने नवऱ्यावर आळ घेतला की तुम्ही शेजारच्या बाईबरोबर फिरायला गेला होता. नवऱ्याने नाही म्हणून सांगितलं, तिला ते पटलं नाही. तिथून पुढे त्या शेजारणीवर आणि नवऱ्यावर तिचा विश्वासच उरला नाही.

नोंदीत पहिलं लक्षण म्हणून हाच संशय आहे, विसरभोळेपणा त्याच्यानंतर येतो. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण या बाईच्या आजाराला पुढे ‘अल्झायमर’ हे जे नाव पडलं ते ऐकलं की आज कुणालाही आधी आठवते ती हरवलेली किल्ली.

पुढचे महिने भराभर घसरणीचे गेले. स्वयंपाकात न होणाऱ्या चुका होऊ लागल्या. घरातल्या घरात उगाच येरझाऱ्या. वस्तू लपवून ठेवायच्या आणि मग त्या सापडायच्या नाहीत. घरी येणारा एक गाडीवान आपलं काहीतरी वाईट करणार, अशी भीती बसली. लोक आपल्याबद्दलच बोलतात असं वाटू लागलं. शेजाऱ्यांच्या दारांच्या घंटा वाजवत सुटायची, दारं आपटायची. आठ-नऊ महिन्यांत नवऱ्याने हात टेकले.

तिचं नाव आउगुस्टे डेटर. वैद्यकीय लिखाणात ती कितीतरी दशकं नुसती ‘आउगुस्टे डी.’ होती. तिला दुसऱ्या दिवशी तपासणारा डॉक्टर होता आलोइस अल्झायमर. वय 37, त्याच वर्षी फेब्रुवारीत बायको वारलेली, पदरी तीन लहान मुलं. या रुग्णालयात त्याची एव्हाना बारा-तेरा वर्षं नोकरी झालेली. एमिल सिओली हे तिथले संचालक. रुग्णांना बांधून ठेवण्याची पद्धत शक्य तितकी कमी करायची, त्यांना कोमट पाण्याच्या टबात तासन् तास बसवून शांत करायचं, असं तिथलं धोरण होतं. त्या मानाने ही जागा बरी म्हणायची.

खाटेशेजारची तपासणी

फाइल सापडली 1995च्या डिसेंबरात, फ्रँकफर्टच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या दप्तरात. निळ्या पुठ्ठ्याचं कव्हर, आत तीसेक पानं, त्यांत अल्झायमरांच्या हातच्या नोंदी. त्या वाचताना पहिल्यांदा जाणवते ती शिस्त: निष्कर्ष कमी, प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी.

26 नोव्हेंबर. बाई खाटेवर बसलेली, चेहरा भांबावलेला.

‘तुमचं नाव काय?’
‘आउगुस्टे.’
‘आडनाव?’
‘आउगुस्टे.’
‘तुमच्या नवऱ्याचं नाव काय?’
‘मला वाटतं... आउगुस्टे.’
‘तुमच्या नवऱ्याचं?’
‘हां, नवऱ्याचं होय.’ प्रश्न कळला नसावा असा चेहरा.
‘लग्न झालंय तुमचं?’
‘आउगुस्टेशी.’
‘इथे किती दिवस झाले?’
थोडं आठवून पाहत, ‘तीन आठवडे.’

इथे येऊन तिचा जेमतेम दुसरा दिवस होता.

हे नुसतं विसरणं नाही. ‘नाव काय’ला आलेलं उत्तर पुढच्या प्रत्येक प्रश्नाला चिकटून राहिलंय. प्रश्न बदलला तरी जुनं उत्तर सुटत नाही. वॉर्डात याला पर्सिव्हरेशन म्हणतात. एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारताना मेंदूच्या पुढच्या भागाने जो ब्रेक लावायचा, तो लागत नाही. आणि गंमत अशी की तिची भाषा वरवर शाबूत आहे. ‘मला वाटतं’, ‘हां, नवऱ्याचं होय’ हे संभाषणाचे सांधे अगदी जागच्या जागी आहेत. भेटायला आलेल्या पाहुण्याला पाच मिनिटांत काही कळलंही नसतं.

मग वस्तू दाखवल्या. पेन्सिलीला ती पेन म्हणाली. पैशाचं पाकीट, किल्ली, डायरी, सिगार बरोबर ओळखलं. थोड्या वेळाने आत्ता काय काय दाखवलं म्हणून विचारलं, तर काहीच सांगता येईना. म्हणजे समोरची वस्तू ओळखण्याची वाट बरीचशी चालू, पण नवीन काही डोक्यात टिकवून ठेवण्याची वाट बंद. आजचा न्यूरॉलॉजिस्ट इथे कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पसकडे आणि त्याला लागून असलेल्या भागाकडे बोट दाखवेल. ही तपासणी करायला किल्ली आणि पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात आजही ती पाच मिनिटांत होते, करायची ठरवली तर.

दुपारचं जेवण. ताटात फुलकोबी आणि डुकराचं मांस. काय खाताय, तर पालक. मांस चावत असताना पुन्हा विचारलं तर आधी बटाटे, मग हॉर्सरॅडिश. मधूनच जुळ्या मुलांबद्दल काहीबाही बोलायची, ती जुळी कुठली ते कुणालाच कळलं नाही.

मला या फाइलमधली सर्वांत मोलाची वाटते ती यानंतरची एक ओळ, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. लिहायला दिलं तेव्हा बाईने वही अशी काही धरली की तिला उजव्या बाजूचं दिसत नसावं, अशी शंका अल्झायमरांना आली. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं, ‘श्रीमती’ एवढं लिहिलं आणि पुढचं विसरली. प्रत्येक शब्द पुन्हा सांगावा लागला. त्यांनी शेरा मारला, स्मृतिलोपामुळे आलेला लेखनदोष. हात चालतोय, अक्षर येतंय, पण काय लिहायचं ते हाताला पोचेपर्यंत पुसलं जातंय. वही धरण्याच्या पद्धतीवरून दृष्टीचा अर्धा भाग गेल्याची शंका येणं, हे काम मनोविकारतज्ज्ञाचं की मेंदूविकारतज्ज्ञाचं? त्या काळच्या जर्मनीत हा प्रश्न कुणी असा विचारलाच नसता. वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर सकाळी वॉर्डात फिरायचा आणि संध्याकाळी मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. अल्झायमर आणि त्यांचे मित्र फ्रान्झ निस्ल यांनी 1895पर्यंत याच रुग्णालयात असं काम केलं. पेशींना रंग देण्याची निस्ल यांची पद्धत आजही वापरात आहे.

पुढच्या तीन-चार दिवसांतल्या नोंदी याच चालीने जातात. बर्फाचा रंग? पांढरा. काजळीचा? काळा. आकाशाचा? निळा. कुरणांचा? हिरवा. बोटं किती? पाच. डोळे? दोन. हे सगळं झटपट आणि बरोबर. आता महिना कोणता? ‘अकरावा.’ त्याचं नाव? ‘शेवटचा... शेवटचा नाही तर...’ वर्ष? ‘1800.’ कुठल्या रस्त्यावर राहता? ‘सांगते, जरा थांबावं लागेल.’ मी काय विचारलं तुम्हाला? ‘अहो, हे फ्रँकफर्ट ऑन द माइन.’ एवढी अंडी घेतली, एका अंड्याला इतके पैसे, तर किती झाले? ‘वेगवेगळे.’ वाचायला दिलं तर एकच ओळ तीन-तीनदा वाचली, अर्थ लागला नाही.

शिकवताना अशी फाइल मिळाली तर तिचे दोन ढीग करावेत. एकात लहानपणी पक्कं झालेलं, हजारदा घोकलेलं ज्ञान: बर्फ पांढरा, बोटं पाच. दुसऱ्यात आजचा दिवस, आत्ताचा प्रश्न, मघाची वस्तू. पहिला ढीग जवळजवळ अखंड, दुसरा रिकामा. त्यातून ज्या बायकोला नवऱ्याबद्दल संशय आला, तिला बहुधा आठवतच नव्हतं की तो सकाळी कुठे जातो म्हणून सांगून गेला होता. आठवणीत भोक पडलं की मन ते मोकळं ठेवत नाही. जे हाताशी असेल ते, भीती किंवा राग, त्यात भरतं. पण सगळ्या संशयाचं स्पष्टीकरण एवढ्याने होत नाही. भ्रम तयार होतो तेव्हा ‘हे खरं असू शकेल का’ हे तपासणारी यंत्रणाही ढिली पडलेली असावी लागते, नाहीतर नुसत्या विसराळू माणसाला चारचौघांत हसू येतं, संशय येत नाही.

तपासणीत मध्येच ती म्हणायची, मी जणू स्वतःलाच हरवून बसले आहे. हे वाक्य फार प्रसिद्ध झालं. मला त्याहून बोलकं वाटतं ते तिचं डॉक्टरांशी वागणं. कधी ती त्यांचं स्वागत घरी आलेल्या पाहुण्यासारखं करायची आणि कामं उरकली नाहीत म्हणून माफी मागायची. कधी हा मला कापायला आलाय म्हणून किंचाळायची. कधी आपल्या अब्रूवर घाला येतोय अशा भाषेत त्यांना संतापून खोलीबाहेर घालवायची. तीन वेगळ्या बायका एका खाटेवर असाव्यात, असं. गृहिणीचा शिष्टाचार मात्र आजार बराच पुढे गेल्यावरही वरचेवर डोकं वर काढत राहिला.

निदानाची कोंडी

अल्झायमरांसमोर तेव्हा काय काय पर्याय होते? म्हातारपणातली बुद्धिभ्रष्टता माहीत होती, पण ती सत्तरी-ऐंशीतल्या माणसांची. 51 हे वय त्यात बसत नव्हतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होण्याचा आजार माहीत होता, त्यावर त्यांनी स्वतः लिहिलं होतं. पण त्यात कमी-जास्त होत राहतं, कुठेतरी हात-पाय लुळा पडतो. हिचा एकही अवयव लुळा नव्हता. चाल व्यवस्थित, गुडघ्यावर ठोकलं की पाय नेहमीसारखा उडत होता.

आणि सर्वांत मोठा संशयित म्हणजे उपदंश. मेंदूत शिरलेला सिफिलिस हा त्या काळी युरोपातल्या मनोरुग्णालयांतल्या खाटा अडवून बसलेला आजार होता. मध्यमवयात अचानक स्वभाव बदलणं, भ्रम, झपाट्याने बुद्धी जाणं हे सगळं त्यात दिसायचं. 1901मध्ये रक्ततपासणी नव्हती. जंतू सापडला 1905ला, वासरमन चाचणी आली 1906ला. डॉक्टरांच्या हाती होत्या फक्त बाहुल्या. या आजारात डोळ्यांच्या बाहुल्या बहुतेक वेळा उजेडाला दाद देत नाहीत. आउगुस्टेबाईंच्या बाहुल्या देत होत्या. अल्झायमर तर पुढे याच विषयावर, सिफिलिसच्या मेंदूवर, प्रबंध लिहिणारे. त्यांना ही चूक परवडणारी नव्हती. त्यांनी काय ठरवलं? काहीच नाही. ही केस आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच खणात बसत नाही, हे मान्य करून ते नोंदी करत राहिले.

हा संयम आज दुर्मिळ झालाय. एमआरआयचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणी थांबतो, आणि तो ‘वयोमानानुसार बदल’ असा आला की प्रश्न मिटला असं धरून चालतो.

पुढचा काळ उताराचा. बाई वॉर्डात इतर रुग्णांच्या तोंडाला हात लावायची, मारायची, मग तिला वेगळं ठेवावं लागे. रात्री झोपेसाठी क्लोरल हायड्रेट. 1902च्या नोव्हेंबरातला तिचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो: मोकळे केस, पांढरा झगा, गुडघ्यावर जुळवलेले हात, कपाळावर खोल आठ्या. तेव्हा ती 52 वर्षांची होती, दिसते सत्तरीची. 1903मध्ये अल्झायमर फ्रँकफर्ट सोडून आधी हायडेलबर्गला आणि मग नामांकित मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर म्युनिकला गेले. बाईंची विचारपूस मात्र चालू ठेवली. शेवटी ती पाय पोटाशी घेऊन पडून असायची, कपडे-अंथरूण खराब व्हायचं, बोलणं संपलं होतं. 8 एप्रिल 1906 रोजी, वयाच्या 55व्या वर्षी ती गेली. मरण्याचं कारण बेडसोअर: अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा चिघळल्या, जंतू रक्तात पसरले.

सिओलींनी फाइल आणि मेंदू म्युनिकला पाठवून दिला.

काचपट्टीवर

वरून पाहता मेंदू सगळीकडून आक्रसलेला होता, एखाद्या ठिकाणी गाठ किंवा रक्तस्राव असं काही नव्हतं. मोठ्या रक्तवाहिन्यांत थोडा कठीणपणा. खरी गोष्ट काचपट्टीवर होती. अल्झायमर आणि त्यांच्या प्रयोगशाळेत आलेले दोन इटालियन, पेरुसिनी आणि बोन्फिल्यो, यांनी मॅक्स बिल्शोव्स्की यांची नवीनच निघालेली चांदीच्या क्षारांची रंगपद्धत वापरली. चांदी पेशीतल्या बारीक तंतूंवर बसते आणि ते काळे होऊन उठून दिसतात.

काय दिसलं ते त्यांनी टप्प्याटप्प्याने मांडलंय. एरवी ठीक वाटणाऱ्या पेशीच्या आत आधी एक-दोन तंतू जाड होतात, रंग जास्त धरतात. मग असे अनेक तंतू शेजारी शेजारी येतात, त्यांची जुडी होते, ती पृष्ठभागाकडे सरकते. शेवटी केंद्रक आणि पेशी विरघळून जाते, आणि इथे एके काळी पेशी होती याची खूण म्हणून फक्त तंतूंचा गुंता उरतो. मेंदूच्या सालीतल्या पाव ते एक-तृतीयांश पेशींत त्यांना हा बदल दिसला. शिवाय सालीत जागोजाग बाजरीच्या दाण्यासारखे ठिपके, कसल्यातरी वेगळ्या पदार्थाच्या साठ्यामुळे झालेले. ते तर रंग न देताही दिसत होते.

त्या ठिपक्यांतला पदार्थ म्हणजे अमिलॉइड-बीटा हे प्रथिन. 1984मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या साठ्यातून वेगळं केलं, आणि ठिपक्यांतही तेच असल्याचं पुढच्या वर्षी दिसलं. गुंत्यातलं प्रथिन म्हणजे टाऊ, हेही त्याच सुमारास स्पष्ट झालं. म्हणजे अल्झायमरांनी जे दोन गुन्हेगार टिपले होते, त्यांची नावं कळायला जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. आजही निदानाची व्याख्या याच दोघांभोवती फिरते.

3 नोव्हेंबर 1906 रोजी ट्युबिंगेनला नैर्ऋत्य जर्मनीतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या बैठकीत त्यांनी ही केस सांगितली. अध्यक्षस्थानी आल्फ्रेड होखे. एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही. बैठकीच्या वृत्तांतात शेरा पडला की हे व्याख्यान थोडक्यात देण्याजोगं नाही. पुढच्या वर्षी त्यांचा दोनेक पानांचा लेख छापून आला, शीर्षक साधंच: मेंदूच्या सालीचा एक आगळा आजार.

नावाने घातलेला घोळ

इथवर सगळं छान आहे. खरी गडबड 1910ला झाली. क्रेपेलिन यांच्या मनोविकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची आठवी आवृत्ती आली, तिच्यात ‘अल्झायमरचा आजार’ असं एक स्वतंत्र नाव होतं. त्यांच्या हाती तेव्हा मूठभर केसेस होत्या. याचा वैद्यकीय अर्थ अजून स्पष्ट नाही, असं त्यांनी तिथेच म्हटलंय. तरी नाव दिलं. का? इतिहासकारांचे तर्क आहेत. प्रागची प्रतिस्पर्धी प्रयोगशाळा पुढे जात होती. मानसिक आजाराला मेंदूत ठोस खूण असते हे दाखवून द्यायची म्युनिकला घाई होती. प्रागचे ऑस्कर फिशर यांनी 1907मध्येच बुद्धिभ्रष्ट झालेल्या 16 वृद्धांपैकी 12 जणांच्या मेंदूत असेच ठिपके दाखवले होते, आणि ते सगळे वयस्कर होते. फिशर यांचं नाव पुढे मागे पडलं ते पडलंच. 1942मध्ये ते नाझींच्या कैदेत, टेरेझिनला, मेले.

आणि खुद्द अल्झायमर? 1911मध्ये दुसऱ्या एका रुग्णावर लिहिताना त्यांनी साफ म्हटलं की या केसेसमागे एक वेगळाच आजार आहे असं धरायला पुरेसा आधार दिसत नाही. हा म्हातारपणातल्या बुद्धिभ्रष्टतेचाच, लवकर आलेला, जरा चाकोरीबाहेरचा प्रकार असावा. त्या दुसऱ्या रुग्णाच्या मेंदूत ठिपके भरपूर होते, गुंते नव्हतेच. ज्याच्या नावाने आजार ओळखला जातो, त्याचा ओढा हा वेगळा आजार नसावा याकडे होता! 1915मध्ये ब्रेसलाउला, वयाच्या 51व्या वर्षी ते गेले, आणि हा वाद मांडायला मागे कुणी जोरकस माणूस राहिला नाही.

परिणाम काय झाला, तर एक भिंत उभी राहिली. पासष्टीच्या आत असं झालं तर तो अल्झायमर, दुर्मिळ मेंदूविकार, पाठ्यपुस्तकातली तळटीप. पासष्टीनंतर झालं तर ते म्हातारपण, त्याला आजार म्हणायचं कारण नाही, म्हणून तपासायचंही कारण नाही. आउगुस्टेबाईंचं वय 51 होतं एवढ्या एका योगायोगाने कोट्यवधी आजी-आजोबा आजाराच्या व्याख्येबाहेर गेले. बाई सत्तर वर्षांची असती तर अल्झायमरांनी तिची फाइल इतक्या चिकाटीने लिहिली असती का, याची मला शंका आहे. वय न जुळणं हेच तर त्यांच्या कुतूहलाचं कारण होतं.

भिंत पाडायला 1960चं दशक यावं लागलं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांची जिवंतपणी चाचणी घेऊन ठेवली आणि मृत्यूनंतर मेंदूतले ठिपके मोजले. ठिपके जितके जास्त तितकी बुद्धी जास्त गेलेली, असा संबंध निघाला. 1976मध्ये अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कात्झमन यांनी दोन पानांच्या संपादकीयात लिहिलं की तरुणपणीचा अल्झायमर आणि म्हातारपणातली बुद्धिभ्रष्टता हे एकच आहे, आणि मग हा आजार दुर्मिळ नसून मोठा मारेकरी आहे. संशोधनाला पैसा त्यानंतर मिळायला लागला.

आपल्याकडे ही भिंत अजून घराघरांत उभी आहे. ‘वय झालं आता, चालायचंच.’ भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं, म्हणजे या बुद्धिभ्रष्टतेचं, प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख माणसं, असा 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातल्या कित्येकांच्या घरी सुरुवात आउगुस्टेबाईंसारखीच झाली असणार. सासूबाई पाटल्या कुठेतरी सारून ठेवतात, मग सापडत नाहीत, मग आळ सुनेवर किंवा कामवाल्या मावशींवर. महिनाभर घरात धुसफूस. आबा आयुष्यभराच्या सोबतिणीवर साठीनंतर नको ते आरोप करतात, मुलांना कुणाला सांगायचीही लाज वाटते. प्रकरण डॉक्टरकडे जाण्याआधी भावकीत जातं. तिथे कुणी ‘तुम्ही काय खाल्लंत सकाळी?’ एवढा प्रश्नही विचारत नाही. संशय हा स्वभावाचा दोष मानला जातो, म्हणून तो भांडणाचा विषय होतो. उतारवयात पहिल्यांदाच उगवलेला संशय मात्र मेंदूकडे बघायला सांगत असतो, आणि तिथे आधी आठवण तपासावी लागते.

आज ही बाई आली तर

नवऱ्याकडून सविस्तर माहिती, तीही बाईंच्या पाठीमागे, वेगळ्या खोलीत. मग बी-12, थायरॉइड, आणि सिफिलिससाठी व्हीडीआरएल; तो अजून यादीत आहे आणि असायलाच हवा, कारण तो बरा होतो. एचआयव्ही. एमआरआय: हिप्पोकॅम्पस आक्रसलाय का, आणि वहीच्या त्या नोंदीमुळे डाव्या मेंदूची मागची बाजू खास लक्ष देऊन बघायची. लहान वयात आलेल्या अल्झायमरमध्ये आठवणीच्या जोडीला लिहिणं, हिशेब, बघून समजणं हे मागच्या सालीचं काम लवकर बिघडतं, आणि आउगुस्टेबाईंचं तसंच दिसतंय. आठ-नऊ महिन्यांत इतकी घसरण असेल तर मेंदूवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांचा आजार नाही ना, हेही बघावं लागेल, कारण तोही औषधाने आटोक्यात येऊ शकतो. मग पाठीतलं पाणी किंवा पेट स्कॅन, अमिलॉइड आणि टाऊसाठी. रक्तातूनच टाऊ मोजण्याच्या चाचण्याही आता आल्यात. एखाद-दोन आठवड्यांत नाव हातात येईल. तेव्हा त्याला बाईंचा मृत्यू आणि चांदीचा रंग लागला होता.

एक कोडं मात्र आजही उरलंय. इतक्या लवकर तिला हे का झालं? तिच्या मेंदूच्या अडीचशेच्या वर काचपट्ट्या 1990च्या दशकात म्युनिकला सापडल्या. पुन्हा पाहणी झाली. गुंतेही होते, ठिपकेही होते. रक्तवाहिन्यांचाच आजार असावा अशी जी शंका काहीजण घेत होते, तिला पट्ट्यांत आधार मिळाला नाही. त्याच पट्ट्यांवरच्या चिमूटभर पेशींतून डीएनए काढून एका गटाने 2012च्या अखेरीस सांगितलं की प्रेसेनिलिन-1 या जनुकात बिघाड आहे, म्हणजे आजार घराण्यातला असणार. 2014मध्ये दुसऱ्या गटाने तीच तपासणी पुन्हा केली, त्यांना तो बिघाड दिसला नाही. शंभर वर्षं जुन्या, रसायनांत मुरलेल्या डीएनएकडून याहून जास्त साक्ष मिळणं अवघड आहे. एका पट्टीवरून खानदान ठरवायची घाई न केलेली बरी.

उपचारांचं म्हणाल तर डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही काळ थोडा फरक पडला असता. अमिलॉइड काढून टाकणारी लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही नवी इंजेक्शनं 2023 आणि 2024 साली अमेरिकेत मंजूर झाली, पण ती अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी. घसरण थोडी मंदावते, थांबत नाही, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. मार्च 1901मध्ये, शेजारणीच्या त्या पहिल्या भांडणाच्या वेळी, कुणी तिला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं असतं तर विचार करता आला असता. नोव्हेंबरात उशीर झाला होता.

तिला मारलं मात्र बेडसोअरने, आणि ते टाळण्यासारखं काम आहे. घरी असा रुग्ण असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. एअरबेड मिळाला तर उत्तम. लघवीचे कपडे ओले राहू द्यायचे नाहीत. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघायचे. कातडी लाल झाली आणि बोटाने दाबून सोडल्यावर ती लाली जात नसेल, तर त्याच दिवशी नर्सला किंवा डॉक्टरला दाखवायचं.